जुन्या रोल्सच्या चासीवर बॉडी बांधायची आहे? आधी सुतारकाम शिका

गाडी विकत घेतली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिचं मागचं दार उघडलं. बिजागरी, तिचे चारही स्क्रू आणि त्या स्क्रूंना धरून बसलेला ओलसर भुगा असं सगळंच हातात आलं. बाहेरून पत्रा चकचकीत होता. १९३३ सालची रोल्स-रॉइस, २०/२५ मॉडेल, सहा खिडक्यांची सलून, म्हणजे बंद गाडी. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं म्हणून मी भुललो होतो. माझ्यासारखे नवखे हमखास भुलतात.

मी इंग्लंडमधल्या डर्बीत नोकरीला आहे आणि ही गाडीही डर्बीच्याच कारखान्यातली, म्हणून गावची लेक घरी आणल्यासारखा आनंद झाला होता. पुढे कळलं की चासी, म्हणजे इंजिन, चाकं आणि खालचा लोखंडी पाया, तेवढी डर्बीची. दारं, छत, खिडक्या, गाद्या, म्हणजे आपण ज्याला गाडी म्हणतो ते सगळं लंडनच्या एका कोचबिल्डरने बांधलेलं. आतला लाकडी सांगाडा निम्मा कुजला होता. तो नव्याने बांधायला मला चार हिवाळे लागले. त्यातला एक अख्खा हिवाळा मी केलेल्या चुका उलगडण्यातच गेला. तो तुमचा वाचावा म्हणून हे लिहितोय.

हा लेख दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या, लाकडी सांगाडा आणि वर पत्रा अशा बॉडींसाठी आहे. साधारण १९१९ ते १९३९. त्यानंतरच्या पोलादी बॉडीला यातलं फारसं काही लागू पडणार नाही.

१. गाडी एकाची, बॉडी दुसऱ्याची

दुसऱ्या महायुद्धापर्यंत रोल्स-रॉइस कंपनी पूर्ण गाडी विकतच नव्हती. ती विकायची चासी: इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, स्टिअरिंग, रेडिएटर आणि इंजिनमागची उभी भिंत. त्यावर बसायला धड खुर्चीसुद्धा नसे. चाचणीचा ड्रायव्हर तात्पुरतं बाकडं ठोकून उघड्यावर बसून ती हाकत असे. अमेरिकेत ड्यूसेनबर्ग कंपनीचाही हाच रिवाज. १९२८ साली त्यांच्या ‘जे’ मॉडेलच्या नुसत्या चासीची किंमत ८,५०० डॉलर होती. बॉडीचा खर्च वेगळा.

मग गिऱ्हाईक कोचबिल्डरकडे जाई. लंडनमध्ये बार्कर, हूपर, थ्रप अँड मॅबर्ली, पार्क वॉर्ड, एच. जे. मुलिनर, गर्नी नटिंग. पॅरिसच्या परिसरात केल्नर, सौचिक, शाप्रों, फिगोनी ए फालाशी. बार्करची पेढी तर १७१०ची, म्हणजे घोडागाड्यांच्या जमान्यातली. हे लोक मुळात बग्ग्या बांधणारे, हे विसरू नका. त्यांच्या कारखान्यात सुतार, लोहार, पत्रेवाले, रंगारी आणि गादीवाले असे वेगवेगळे विभाग असत आणि गाडी त्यांच्यातून ओळीने पुढे सरके. मालक स्वतः हाकणार की शोफर ठेवणार, टोपी घालून बसणार का, सामान किती, मागे पडदे हवेत की काच, हे विचारून चित्रकार बाजूचं छोटं रंगीत चित्र काढून देई. ते पसंत पडलं की काम सुरू. ज्यांना नवं काही सुचत नसे ते ऑक्टोबरात लंडनच्या ऑलिम्पिया सभागृहात भरणाऱ्या मोटार प्रदर्शनात फिरून ‘अमक्या स्टॉलवरच्यासारखी, पण मागची खिडकी लहान’ असं सांगत. आपल्याकडे सोनाराला शेजारणीच्या पाटल्या दाखवतात तसंच.

आपल्या माणसांचंही यात नाव आहे. इंदूरचे यशवंतराव होळकर यांनी अमेरिकन ड्यूसेनबर्ग एसजेची चासी घेऊन तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून दोनच माणसांसाठी उघडी, लांबलचक बॉडी बांधून घेतली. यंत्र एका खंडातलं, बॉडी दुसऱ्या खंडातली आणि मालक तिसऱ्या.

हे एवढं सांगतोय कारण नवख्यांची पहिली चूक इथेच होते. ते मेकॅनिक शोधतात. तुम्हाला मेकॅनिक नंतर लागेल. आधी लागतो सुतार.

२. बॉडी कोणाची आहे ते कागदावर शोधा

हात लावण्याआधी एवढं जमवा:

- चासी क्रमांक. इंजिनमागच्या भिंतीवरच्या पट्टीवर असतो. तोच चासीच्या लोखंडावर आहे का तेही पाहा.
- इंजिन क्रमांक.
- बॉडी क्रमांक. हा कोचबिल्डरचा, चासी क्रमांकाशी त्याचा संबंध नाही.
- दाराच्या उंबऱ्यावरची कोचबिल्डरची पट्टी, असल्यास.
- गाडीची नोंदणी-पुस्तिका आणि जुन्या मालकांचे जे असतील ते कागद, बिलं, फोटो.

चासी क्रमांक हाती असला की रोल्स-रॉइसच्या बाबतीत नशीब चांगलं आहे. रोल्स-रॉइस एन्थुझिअ‍ॅस्ट्स क्लब ही १९५७ साली स्थापन झालेली संस्था आहे. नॉर्थम्प्टनशरमध्ये पॉलर्सपरी गावात ‘हंट हाउस’ इथे तिचं मुख्यालय आणि दफ्तर आहे. कारखान्यातली मूळ चासीकार्डं तिथे जपलेली आहेत. पहिला मालक कोण, चासी कोणत्या कोचबिल्डरकडे गेली, बॉडी कोणत्या प्रकारची ठरली, स्टिअरिंगचा दांडा किती कलता हवा होता, असं बरंच त्यात निघतं. बेंटलीसाठी बेंटली ड्रायव्हर्स क्लब आहे. हूपरच्या बॉडीची चित्रं शोधत असाल तर लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात विचारा.

बॉडी क्रमांक शोधणं ही मात्र गंमत आहे. तो बाहेर कुठेच नसतो. दाराच्या आतल्या लाकडी पट्टीच्या पाठीमागे, गादीखालच्या फळीवर, तळाच्या पाट्यांच्या उलट्या बाजूला ठोकलेला किंवा पेन्सिलीने लिहिलेला सापडतो. कारण सरळ आहे. एकाच वेळी कारखान्यात दहा गाड्यांची दारं आणि फळ्या पडलेल्या असायच्या, त्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून सुताराने घातलेली ती खूण. माझ्या गाडीत पाचपैकी चार तुकड्यांवर एकच क्रमांक होता, पाचव्यावर वेगळाच. म्हणजे एक दार कधीतरी दुसऱ्या गाडीचं लावलेलं. ते दार नीट का बसत नव्हतं, ते त्या दिवशी समजलं.

सापळा: उंबऱ्यावरच्या पट्टीवर विश्वास ठेवू नका. नव्या पट्ट्या बनवून मिळतात. लाकडावरचा क्रमांक आणि दफ्तरातली नोंद जुळली तरच खरं. पूर्वी जड, काळ्या लिमोझीन कोणाला नको असत, तेव्हा त्यांच्या बॉडी उतरवून उघड्या टूरर चढवल्या गेल्या. काहींच्या शववाहिका झाल्या, काहींचे बिघडलेल्या गाड्या ओढणारे ट्रक. दिसायला देखणी उघडी टूरर आणि दफ्तरात ‘लिमोझीन’ लिहिलेलं असेल तर समजून घ्या. (चासी क्रमांकांत १३ हा आकडा कंपनी सहसा घालत नसे. कोणी तुम्हाला १३ क्रमांक दाखवला तर सावध व्हा.)

३. प्रकार ओळखा

नावं गोंधळात टाकतात, म्हणून थोडक्यात. सलून म्हणजे बंद गाडी, पुढच्या-मागच्यांत काच नाही. लिमोझीनमध्ये शोफर आणि मालक यांच्यामध्ये सरकती काच. लँडोलेटमध्ये छताचा फक्त मागचा भाग दुमडतो. सेडान्का द व्हिलमध्ये उलटं: मालकाच्या डोक्यावर पक्कं छत आणि शोफरच्या डोक्यावर उघडणारं. टूरर पूर्ण उघडी. ड्रॉपहेड कूपेला कापडी छत, पण काचा वर-खाली करता येणारी पक्की दारं.

यापेक्षा महत्त्वाचं: तुमची बॉडी वेमन पद्धतीची तर नाही ना, ते पाहा. चार्ल्स वेमनने १९२०च्या दशकात पॅरिसमधून ही पद्धत आणली. नेहमीच्या बॉडीत लाकडाला लाकूड घट्ट जोडतात आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी ते सांधे कुरकुरतात. वेमनने दोन लाकडं एकमेकांना टेकूच दिली नाहीत. मध्ये थोडी फट ठेवून पोलादी पट्ट्यांनी जोडली आणि वर पत्र्याऐवजी कापूस भरून लेदरक्लॉथ, म्हणजे चामड्यासारखं दिसणारं कापड, ताणलं. बॉडी हलकी आणि आवाज नाही. लोकांना चकाकी हवी होती म्हणून १९३०च्या सुरुवातीला तिची हौस ओसरली. तुमच्याकडे अशी बॉडी असेल तर सांध्यांत सरस भरून ती ‘मजबूत’ करायला जाऊ नका. ती हलण्यासाठीच बनवली आहे.

पार्क वॉर्डने १९३६पासून पोलादी सांगाड्याच्या बॉडी काढल्या. तशी असेल तर तुम्हाला सुतार नको, वेल्डर हवा.

४. मोडण्याआधी मोजा, आणि भुगासुद्धा जपा

पत्रा काढायची घाई सुटत नाही, मला माहीत आहे. थांबा.

गाडी सपाट फरशीवर, चारही चाकं सारख्या हवेची, पाणसळीने तपासून उभी करा. चासीच्या मध्यातून पुढून मागे एक दोरी ताणा. आता प्रत्येक खांब, प्रत्येक खिडकीचा कोपरा, छताची प्रत्येक वळणाची जागा या दोरीपासून आणि फरशीपासून ओळंब्याने मोजून लिहून ठेवा. डाव्या बाजूची मापं उजवीला लागू पडतील असं धरू नका. हाताने बांधलेली बॉडी आहे. माझ्या गाडीत दोन बाजूंत जवळजवळ ९ मिलिमीटरचा फरक होता आणि तो नव्वद वर्षांत झालेला नव्हता, मुळातच होता.

मग पत्रा काढा. तो कडांना लाकडावर दुमडून बारीक खिळ्यांनी ठोकलेला असतो आणि खिळ्यांची रांग पट्टीखाली लपवलेली असते. पट्टी आधी, मग खिळे एकेक, पातळ पटाशीने. ओढू नका.

कुजलेलं लाकूड टाकू नका, कितीही घाण असलं तरी. खालचा उंबरा आणि दाराच्या खांबांचे पाय सगळ्यांत आधी जातात, कारण खिडकीतून उतरलेलं पाणी तिथेच साचतं. तो तुकडा हातात घेतला तर विरघळेल. म्हणून जागेवरच त्याच्याभोवती ६ मिलिमीटर प्लायवूडचा साचा कापून घ्या, त्यावर खाच कुठे, स्क्रू कुठे ते लिहा, मगच काढा. मी पहिल्या आठवड्यात उत्साहात दोन उंबरे फावड्याने उचलून टाकले. पुढे त्यांच्या लांबीसाठी क्लबमधल्या एका सभासदाच्या गाडीखाली पाठीवर झोपून दिवसभर मापं घ्यावी लागली. जानेवारीत.

५. पूर्ण मापाचं चित्र काढा

हे काम लोक टाळतात, आणि सगळी विद्या यातच आहे.

त्या काळी कारखान्यात भिंतीएवढ्या फळ्यावर गाडीचं पूर्ण मापाचं चित्र काढत. बाजूने, मागून आणि वरून, तिन्ही एकमेकांवर, वेगवेगळ्या रेघांनी. गिऱ्हाइकाला दाखवलेलं रंगीत चित्र वेगळं, ते गिऱ्हाइकासाठी. हा फळा सुतारासाठी. प्रत्येक लाकडाचा साचा यावरून उतरवला जाई. संगणकावर काढा, माझी ना नाही. पण शेवटी ते छापून भिंतीला पूर्ण मापात लावा. वळण डोळ्यांनी बघायचं असतं आणि बारा इंचांच्या पडद्यावर सगळीच वळणं सुंदर दिसतात.

चित्र का हवं? दारांसाठी.

बॉडीची बाजू दोन दिशांनी वळलेली असते. वरून पाहिलं तर पुढून मागे फुगते आणि परत आत येते. समोरून पाहिलं तर खिडकीखाली सर्वांत रुंद असते आणि खाली जाताना आत वळते. आता या वाकड्या बाजूवर तुम्हाला दार लावायचं आहे. आणि दाराच्या दोन किंवा तीन बिजागऱ्यांचे खिळे, ज्यांच्याभोवती दार फिरतं ते, एकाच सरळ रेषेत असलेच पाहिजेत, नाही तर दार फिरणारच नाही, किंवा फिरताना लाकूड फाडेल. बाजू वाकडी, रेषा सरळ. मग वरची बिजागरी आत गाडली जाते आणि खालची बाहेर डोकावते. जुन्या गाड्यांची खालची बिजागरी बकऱ्याच्या शिंगासारखी बाहेर आलेली दिसते ती यासाठी. कारागिराची हौस नव्हे.

शिवाय ती रेषा उभी हवी. किंचित पुढे-मागे कलली तर दार उघडताना वर चढेल किंवा खाली पडेल. तेव्हा चित्रावर सर्वांत आधी बिजागरीची रेषा ओढा. मग दाराची कड. मग खांब. छत, मडगार्ड, मागचा डौलदार उतार हे सगळं नंतर. मी उलटं केलं होतं. आधी मागचा उतार काढला, कारण तो काढायला मजा येते.

नवीनच बॉडी आखत असाल तर आणखी एक. वजन. कोचबिल्डर मन मानेल तेवढं लादू शकत नसे. चासीची कंपनी मापं आणि वजनाची मर्यादा कळवत असे. २०/२५चं इंजिन ३,६६९ सीसीचं. त्याच्यावर सात माणसांची लिमोझीन चढवली की घाटात ती बैलगाडीला वाट देते. फ्रेंच पद्धतीचे अश्रूच्या थेंबासारखे मडगार्ड फोटोत छान दिसतात; ताठ, उंच रेडिएटरच्या इंग्रजी चासीवर ते पाहुण्याचे कपडे घातल्यासारखे दिसतात, असं माझं मत.

६. लाकूड निवडा

लाकूड अ‍ॅशचं. क्रिकेटचे स्टंप आणि कुऱ्हाडीचे दांडे ज्याचे करतात ते. चिवट असतं, लवतं, खिळा मारला तरी सहसा चिरत नाही. दोष एकच: ओल सोसत नाही. म्हणून तर आपण इथे आहोत.

भारतात जुन्या गाड्या दुरुस्त करताना सागवान वापरतात. मला कळतं, सागाला कुज आणि वाळवी लवकर लागत नाही. पण त्याच्या तेलकटपणामुळे सरस नीट धरत नाही आणि अ‍ॅशइतकं ते वाकत नाही. वापरायचंच असेल तर जोडाच्या जागा चिकटवण्याआधी द्रावकाने पुसून घ्या. ओक मात्र नको, त्यातलं आम्ल धातूला खातं.

काय बघून घ्यायचं:

- लाकडातल्या धाग्यांच्या रेषा सरळ असलेलं, गाठी नसलेलं.
- ओलावा साधारण १० ते १२ टक्के. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते घ्याच.
- वाफेवर वाकवायचं असेल तर भट्टीत वाळवलेलं नको, उघड्यावर वाळलेलं हवं. जाडीच्या दर इंचाला सुमारे तासभर वाफ.

ब्रिटनमध्ये अ‍ॅशच्या झाडांना रोग पडला आहे. २०१२ साली तो इथे पहिल्यांदा सापडला. रोगट झाडं भराभर तोडली जात असल्याने लाकूड भरपूर दिसतं, पण त्यातलं काही ठिसूळ निघतं. फळी घेताना एक चिपटं मोडून बघा. लांब धागे निघाले पाहिजेत. बिस्किटासारखं तुटलं तर ठेवून या.

आणि सापळा: वळणदार तुकडा रुंद फळीतून कापताना रेषा आडव्या जातात. तिथे तो हातानेसुद्धा मोडतो. मोठं वळण असेल तर ते दोन-तीन तुकड्यांत कापा आणि तिरक्या लांब सांध्याने जोडा. जुन्या लोकांनीही तेच केलंय; तुमच्या कुजलेल्या तुकड्यांत नीट पाहिलंत तर दिसेल.

हत्यारं फार लागत नाहीत. पट्ट्याची करवत, चांगल्या धारेच्या पटाश्या, रंधे, वळणावर चालणारा दोन मुठींचा छोटा रंधा, गुण्या, ओळंबा, आणि शिकंजे. शिकंजे किती? आहेत त्यापेक्षा दोन जास्त.

७. सांगाडा चासीवरच उभारा

माझा वाया गेलेला हिवाळा हा.

मी सपाट, अगदी पाणसळीत असलेल्या टेबलावर सांगाडा जोडला. सगळी दारं लोण्यासारखी बंद होत होती. फोटो काढून पुण्याला घरी पाठवले. मग सांगाडा चासीवर चढवला, टाकीत पेट्रोल भरलं, मागच्या सीटवर दोघांना बसवलं, आणि मागचं दार अडकलं. ते दोघे दुसऱ्या बाजूने उतरले.

चासी म्हणजे टेबल नाही. ती दोन लांब लोखंडी तुळया आहेत आणि त्या वजनाने वाकतात. थोड्याच, पण दाराची फट तेवढीच असते. म्हणून क्रम असा:

चासीवर इंजिन, रेडिएटर, टाकी, चाकं सगळं बसलेलं हवं. नसेल तर तेवढ्याच वजनाची वाळूची पोती ठेवा. पोती सीटच्या जागीही हवीत. आधी उंबरे चासीच्या आधारांवर बसवा. जिथे फट राहील तिथे पॅकिंग घाला. बोल्ट कसून फट बुजवू नका. तसं केलंत तर तुम्ही बॉडीला कायमचा पीळ देऊन ठेवताय. मग खांब उभे करा, नुसते शिकंज्यांनी धरलेले. मग वरची पट्टी. मग दारं, बिजागऱ्यांसकट, टांगून उघडझाप करून पाहा. आठवडाभर तशीच राहू द्या. लाकूड थोडं हलतं, हलू द्या. दारं तरीही बसत असतील तर आणि तरच सांधे चिकटवायला घ्या.

सांधे साधेच असतात. खाच आणि तीत बसणारी जीभ, किंवा दोन्ही लाकडं निम्मी-निम्मी कापून एकमेकांत. त्या काळी हाडांचा सरस, पांढऱ्या शिशाचा रंग आणि स्क्रू वापरत. शिशाचा रंग विषारी, त्याच्या नादी लागू नका. जुन्या लाकडावरचा घासतानाही तोंडाला मास्क हवा. आज इपॉक्सी गोंद उत्तम. फक्त उंबरा आणि खांबांचे पाय असे जोडा की पुढच्या कुणाला ते उघडता येतील. ते पुन्हा कुजणारच आहेत.

८. पत्रा: इथे माणूस शोधा

सुतारकाम तुम्ही शिकू शकता. पत्र्याचं काम बघून शिकता येईल, पण छत आणि मागचा गोल भाग पहिल्या प्रयत्नात जमणार नाही. मी तीन पत्रे वाया घालवले आणि मग पॅनेल-बीटरकडे, म्हणजे पत्रा ठोकून आकार देणाऱ्या कारागिराकडे गेलो.

अ‍ॅल्युमिनियम जवळजवळ शुद्ध, मऊ हवं. १६ किंवा १८ गेज, म्हणजे १.६ किंवा १.२ मिलिमीटर. पहिल्यांदा मी ज्या वर्कशॉपला काम दिलं त्यांनी विमानाच्या कामाचा उरलेला कडक पत्रा लावला. कडेला दुमडताना तो तडकला. पत्रा कोणता ते कोटेशनवर लिहून घ्या.

काम चालतं ते असं. पत्रा वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोड्याने ठोकून खोलगट करायचा, मग दोन चाकांच्या यंत्रातून, वरचं चाक सपाट आणि खालचं फुगीर, पुढे-मागे सरकवत गुळगुळीत करायचा. दर काही फेऱ्यांनी सांगाड्यावर ठेवून पाहायचं. ठोकून ठोकून अ‍ॅल्युमिनियम ताठरतं, मग ते तापवून पुन्हा मऊ करावं लागतं. अडचण अशी की लोखंडासारखं ते लाल होत नाही. न सांगता ६६० अंशांना वितळतं. म्हणून जुनी युक्ती: पत्र्यावर साबण घासायचा आणि ज्योत फिरवायची. साबण तपकिरी-काळा झाला की ज्योत बाजूला.

पत्रा बसवण्याआधी लाकडाला सगळीकडून प्रायमर लावा, आतल्या न दिसणाऱ्या बाजूंनाही. अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद जिथे टेकतात तिथे मध्ये पट्टी किंवा घट्ट लेप हवा, नाही तर ओल मिळताच अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होऊ लागते. साधे लोखंडी खिळे नकोत. दारांच्या तळाला पाणी जायला छिद्रं ठेवा आणि रंगाऱ्याने ती बुजवली नाहीत ना ते काडी घालून तपासा. माझ्या रंगाऱ्याने चारपैकी तीन बुजवली होती.

९. रंग आणि गाद्या

यावर सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे, म्हणून दोनच गोष्टी. गादीवाला येण्याआधी सांगाड्यात त्याला खिळे मारायला लाकडी पट्ट्या ठेवल्यात का बघा. छताचं कापड, दारांची पॅनेलं, कडांची लेस सगळं तिथे अडकतं आणि नंतर पट्टी घालायला पत्रा काढावा लागतो. आणि रंग लावण्याआधी गाडी किमान शंभर मैल चालवा. कुरकुर कुठे आहे ते तेव्हा कळतं.

१०. सरकारी कागद

ब्रिटनमध्ये बॉडीचा प्रकार, आसनं, रंग यातलं काही बदललं तर व्ही५सी या नोंदणी-पुस्तिकेत नोंद करावी लागते. चाळीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीला वार्षिक एमओटी तपासणी माफ आहे, पण गेल्या ३० वर्षांत गाडीत मोठे फेरफार झालेले नसतील तरच. म्हणून कामाचे तारखेसकट फोटो ठेवा. जे होतं तेच पुन्हा बांधलंय हे दाखवता यायला हवं.

भारतात असाल तर हे नीट वाचा. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला ५,००० रुपये. अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर. अट महत्त्वाची: चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आजोबांची लिमोझीन उतरवून तिच्यावर हौसेने टूरर चढवलीत तर याच अटीत अडकाल. कुजलेला सांगाडा होता तसाच बांधला तर निदान बोलायला जागा आहे. सुरुवात करण्याआधी आरटीओत जाऊन विचारा, आणि कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक निघते ती एकदा जवळून बघून या. मूळ बॉडी जपली की काय दिसतं ते कळेल.

११. पहिले पाचशे मैल

पहिल्या दिवशी दहा मैल, खडबडीत रस्त्यावर, सोबत एक माणूस. तो मागे बसून कानाने आवाज शोधेल; हाकणाऱ्याला ते जमत नाही. घरी आल्यावर चारही दारांच्या फटी मोजून वहीत लिहा. पन्नास मैलांनी पुन्हा, दोनशे मैलांनी पुन्हा. बॉडीचे बोल्ट पाचशे मैलांनी एकदा कसा, नुसते हाताला लागतील इतके. फट एका बाजूला वाढत आणि दुसऱ्या बाजूला घटत असेल तर दार तासायला घेऊ नका, खालचं पॅकिंग बदला. माझ्या डाव्या मागच्या दाराखाली आज पावणेदोन मिलिमीटरचा चामड्याचा तुकडा आहे, जुन्या कमरपट्ट्यातून कापलेला.

पाऊस पडून गेला की पुढचे गालिचे उचलून खालच्या फळीला हात लावून बघा. ओल लागली तर त्याच संध्याकाळी शोधा, कुठून येतेय ते.